भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या निवडणुकीत मत देता येतं का? दारोदार फिरलेल्या कार्यकर्तीचं उत्तर

प्रश्न विचारणारे मूळचे नाशिकचे, तीन वर्षांपासून लंडनच्या हॅरोत, स्किल्ड वर्कर व्हिसावर. जून 2024 मध्ये कोटाला फितीचं फूल लावलेली दोन माणसं त्यांच्या दारात आली. यांनी ‘मी इथला नागरिक नाही’ म्हणून दार लावून घेतलं. पुढे ऑफिसातला केनियाचा सहकारी म्हणाला, मी मत देऊन आलो. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात आहे की त्याला चालतं तर मला का नाही? आणि ना सभा, ना भोंगे, ना रस्त्यावर झेंडे. मग इथला प्रचार होतो तरी कुठे? आणि एवढं करून एका मताने काय फरक पडणार?

मी मूळची कराडची. 2005 पासून इथली प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक मी वायव्य लंडनमध्ये रस्त्यावर उतरून केली आहे. एका पक्षाची कार्यकर्ती आहे. कुठल्या, ते या उत्तरासाठी महत्त्वाचं नाही. पत्रकं टाकली, दारं वाजवली, मतदान केंद्राबाहेर उभी राहिले, मोजणीच्या रात्री जागले. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी तुमचा पहिला प्रश्न. हो, तुम्हाला मत देता येतं, 2024 मध्येही येत होतं. केनियासारखाच भारतही राष्ट्रकुलात आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहत असेल आणि त्याला 18 पूर्ण असतील, तर त्याला नगरपालिकेपासून संसदेपर्यंत सगळ्या निवडणुकांत मत आहे. स्टुडंट असा, स्किल्ड वर्कर असा, की नवऱ्याच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आलेल्या असा. इथे अमुक वर्षं काढली पाहिजेत अशीही अट नाही. मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जात नाही, कारण ते जातं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतल्याने. पुढे व्हिसा वाढवताना किंवा कायम वास्तव्याचा अर्ज करताना हे कोणी तुमच्याविरुद्ध धरत नाही. उलट यादीत नाव असलं तर बँकेत आणि घर भाड्याने घेताना पत्त्याचा पुरावा म्हणून त्याचा उपयोगच होतो.

हा हक्क किती मोठा आहे ते शेजाऱ्याकडे बघून कळतं. तुमच्या शेजारचा पोलिश माणूस वीस वर्षं इथे कर भरत असेल, तरी ब्रिटिश नागरिकत्व घेतल्याशिवाय त्याला संसदेसाठी मत नाही. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गोव्याची खूप कुटुंबं आहेत. त्यांतले बरेच जण पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले, त्यामुळे त्यांनाही संसदेसाठी मत नाही. त्यांचाच एखादा मावसभाऊ भारतीय पासपोर्टवर कालपरवा आलेला असला, तर त्याला मात्र आहे. मी हे पहिल्यांदा एका गोवेकर बाईंना सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना.

हे आलं कुठून? साम्राज्याच्या काळात भारतातला माणूस ब्रिटिश प्रजाजन मानला जाई, आणि म्हणूनच मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेले दादाभाई नौरोजी 1886 मध्ये होबर्नमधून संसदेला उभे राहू शकले. तिथे हरले. पुन्हा 1892 मध्ये लंडनच्याच फिन्सबरी सेंट्रलमधून उभे राहिले आणि 5 मतांनी जिंकले. त्यांच्यामागून 1895 मध्ये मंचेरजी भावनगरी आले, 1922 मध्ये शापूरजी सकलातवाला. तिघेही पारशी, तिघांचंही मुंबईशी नातं, आणि पक्ष तीन दिशांचे: एक लिबरल, एक कॉन्झर्व्हेटिव्ह, एक कम्युनिस्ट. स्वातंत्र्यानंतर भारत प्रजासत्ताक झाला तरी राष्ट्रकुलात राहिला, म्हणून हा हक्कही राहिला. तो काढून घ्यावा असं म्हणणारी माणसं इथल्या राजकारणात आहेत. माझं स्पष्ट मत आहे की वापरात नसलेला हक्क काढून घेणं सोपं असतं.

आता प्रचार. तुमच्या दारात आलेली ती दोन माणसं बहुधा तुमच्यासाठी आलीच नव्हती. त्यांच्या हातातल्या यादीत तुमच्या आधीच्या भाडेकरूचं किंवा घरमालकाचं नाव असणार. तुमचं नाव यादीत असतं, तर त्यांनी तुम्हाला नावाने विचारलं असतं.

इथला प्रचार या यादीवर उभा आहे. महाराष्ट्रातल्या लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरी 19 लाखांच्या घरात मतदार असतात. तिथे सभा आणि भोंग्यांना पर्याय नाही. इथे एका मतदारसंघात साधारण 70 ते 77 हजार. एवढी दारं माणसांना खरोखर वाजवता येतात. त्यात टीव्ही-रेडिओवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करायला बंदी. प्रत्येक उमेदवाराला सगळ्या मतदारांना एकदा फुकट टपाल पाठवता येतं, पण खर्चाला घट्ट लगाम: 2024 मध्ये शहरी मतदारसंघातल्या उमेदवाराला 11,390 पौंड, अधिक दर मतदारामागे 8 पेन्स. बेरीज जाते 17 हजार पौंडांच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या भावाने 18 लाख रुपये. महाराष्ट्रात लोकसभेच्या उमेदवाराची मर्यादा 95 लाख आहे. मग इथे उमेदवाराकडे उरतं काय, तर माणसं आणि त्यांचे पाय.

मतदारयादीची पूर्ण प्रत पक्षांना कायद्याने मिळते. ती रस्तेवार लावलेली असते: एक बाजू सम, एक विषम. आम्ही चार-पाच जण एका कोपऱ्यावर भेटतो. एकाकडे यादी असते, त्याला बोर्ड सांभाळणारा म्हणतात. तो सांगतो, ‘तू 12 ला जा, पटेल, दोन मतं, तू 16 ला.’ पूर्वी कागद असायचे, आता बहुतेकांच्या हातात फोन. 12 डिसेंबर 2019 च्या निवडणुकीत दुपारी चारला अंधार पडायचा, आणि थंडीने बॉलपेन उठेना म्हणून आम्ही पेन्सिली बाळगायचो. दारातच बसवलेल्या लेटरबॉक्सच्या झाकणाचा ब्रश इतका कडक असतो की पत्रक आत जाता जात नाही, आणि आत कुत्रा टपून असला तर बोटांचं काही खरं नाही. म्हणून जुना कार्यकर्ता खिशात स्वयंपाकाचं लाकडी उलथणं ठेवतो आणि पत्रक त्याने आत ढकलतो. माझं उलथणं 2010 पासूनचं आहे, टोकाला दातांच्या खुणा आहेत.

दारात आम्ही भाषण देत नाही. नवीन पोरांना मी पहिलं हेच सांगते. दोन मिनिटं मिळतात, त्यात विचारायचं: या वेळी कोणाला मत द्यायचा विचार आहे? मागच्या वेळी कोणाला दिलं होतं? काही अडचण? वाद घालायचा नाही. उत्तराची नोंद करायची: आपला, विरोधी, डळमळीत, मत देणारच नाही. टीव्हीवर जे गाजतं ते खरंच कुठवर झिरपलं, हेही दारातच कळतं. ऋषी सुनक यांनी 22 मे 2024 ला भर पावसात निवडणूक जाहीर केली, त्यावर दिल्ली-मुंबईतल्या वाहिन्याही बोलल्या. दारात त्याचं कोणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. पण 6 जूनला दुसऱ्या महायुद्धातल्या चढाईच्या, म्हणजे डी-डेच्या, नॉर्मंडीतल्या 80 व्या स्मरणदिनाहून ते लवकर निघून आले, त्याबद्दल पुढचे दोन आठवडे म्हातारी माणसं दारात उभी राहून माझ्याशी बोलली. काहींच्या डोळ्यांत पाणी होतं. बाकी बोलणं नेहमीचं: जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट मिळत नाही, भाडं परवडत नाही, गहाणकर्जाचा हप्ता वाढला.

आता तुमच्या-माझ्या माणसांबद्दल, कारण हे उत्तर मी मुख्यतः त्यासाठी लिहायला बसले. त्याच जूनमध्ये मी एका रस्त्याच्या विषम बाजूला होते. यादीत 41, 43, आणि मग एकदम 47. 45 ला कोणी मतदारच नाही. पण 45 च्या दारावर झेंडूचं कापडी तोरण होतं आणि उंबऱ्यापाशी ठिपक्यांच्या रांगोळीचा स्टिकर. मी न राहवून बेल वाजवली. तिशीतला मुलगा, मागे त्याची बायको लेकराला भरवत होती. मी मराठीत बोलले तर खुशीत आला, चहा विचारला. मताचं काढलं तर म्हणाला, ‘ताई, आम्ही कुठे इथले?’ सहा वर्षं त्याच घरात राहत होता. मी सांगितलं, बाबा, तुम्हा दोघांना मत आहे. त्याने लगेच फोन काढला. पण नाव नोंदवायची मुदत 18 जूनला संपली होती, आणि त्या दिवशी तारीख होती 21. तो फोनकडे बघत राहिला आणि मला त्याला काय सांगावं कळेना.

त्या 45 नंबरसमोरून माझ्याआधी प्रत्येक पक्षाचे कार्यकर्ते गेले असतील. एकानेही बेल वाजवली नसेल, आणि त्यात त्यांची चूक नाही. यादीत घरच नव्हतं. त्यांच्या मोबाइलवर ते रिकामं घर होतं. आपली माणसं मला म्हणतात की इथले पुढारी आपल्याला विचारत नाहीत. विचारतील कुठून? ज्याचं नाव यादीत नाही, त्याचं दार वाजत नाही. आणि जे दार वाजत नाही, तिथली अडचण रात्री उमेदवाराच्या कानावर जात नाही.

हे नुकसान किती खरं आहे ते बघा. 2024 च्या फेब्रुवारीत व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार माणशी वर्षाला 624 वरून 1,035 पौंड झाला. एप्रिलमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसासाठी पगाराची किमान मर्यादा 26,200 वरून 38,700 पौंडांवर गेली, आणि जोडीदाराला आणण्यासाठी लागणारं उत्पन्न 18,600 वरून 29,000 वर. हे सगळं मतदानाच्या आधीच्या पाच महिन्यांत. ज्यांच्या खिशाला ही झळ बसली त्यांच्यातल्या भारतीयांना मत होतं. पेन्शनवाल्यांचा प्रश्न आला की प्रत्येक उमेदवार सावध होतो, कारण पेन्शनवाले यादीत असतात आणि मत देतात. व्हिसावाल्यांच्या बाबतीत त्या वेळी माझ्या भागात एकाही उमेदवाराला सावध होताना मी पाहिलं नाही.

एका मताने काय होतं, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर मतदारसंघावर अवलंबून आहे. इथेही भारतासारखंच आहे, ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो. त्यामुळे देशभरातली टक्केवारी आणि जागा यांचा मेळ बसत नाही. 2024 मध्ये लेबरला 33.7 टक्के मतांवर 650 पैकी 411 जागा मिळाल्या. रिफॉर्म यूकेला 14.3 टक्के मतं आणि जागा 5. लिबरल डेमोक्रॅट्सना त्यापेक्षा कमी, 12.2 टक्के मतं, पण जागा 72, कारण त्यांनी माणसं आणि पैसा ठरावीक मतदारसंघांत ओतला. मला ही पद्धत न्याय्य वाटत नाही, पण नियम हाच आहे तोवर याच नियमाने खेळायचं. पक्ष आपली माणसं चुरशीच्या जागी पाठवतात. एकतर्फी जागी दारं वाजतही नाहीत.

तुमच्या हॅरोच्या बाजूलाच बघा. एजवेअर रोड ओलांडला की हेंडन मतदारसंघ. तिथे 2024 मध्ये लेबरचा उमेदवार 15 मतांनी जिंकला. पंधरा. आपल्या एका मध्यम गणेशोत्सवाच्या आरतीला याहून जास्त लोक असतात. लेस्टर ईस्टमध्ये लेबरचे दोन माजी खासदार, क्लॉडिया वेब आणि कीथ वाझ, वेगवेगळे उभे राहिले, मतं फुटली आणि कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या शिवानी राजा निवडून आल्या. त्या रात्री देशभर कोसळलेल्या कॉन्झर्व्हेटिव्हांनी दुसऱ्या पक्षाकडून हिसकावलेली ती एकमेव जागा. त्या निवडणुकीत एकूण मतदान 60 टक्क्यांच्या आतच राहिलं. म्हणजे नोंदलेल्यांतलेही दहातले चार जण घरी बसले होते.

मतदानाच्या दिवशी काय होतं तेही सांगते, कारण तिथे आपली माणसं बुजतात. मतदान गुरुवारी असतं, सुट्टी नसते, सकाळी 7 ते रात्री 10. केंद्र म्हणजे शाळा, चर्चचा हॉल, कुठे कुठे समाजमंदिर. दाराबाहेर फितीचं फूल लावलेला कोणीतरी तुमचा यादीतला क्रमांक विचारेल. त्याला टेलर म्हणतात. तो सरकारी माणूस नाही, कुठल्या तरी पक्षाचा आहे. क्रमांक सांगणं तुमच्या मर्जीवर. तुम्ही कोणाला मत दिलं, हे तो विचारत नाही. त्याला एवढंच हवं असतं की कोण येऊन गेलं. ते क्रमांक कोणाच्या तरी घरच्या दिवाणखान्यात थाटलेल्या कमिटी रूममध्ये जातात. पूर्वी तिथे टेबलावर कार्बनच्या थरांच्या याद्या चिकटवलेल्या असत. त्यांना रेडिंग पॅड म्हणत, कारण 1945 मध्ये रेडिंगमधून निवडून आलेल्या इयन मिकार्डोंनी ती रीत बसवली. आलेल्यांची नावं खोडायची, वरचा थर फाडून कार्यकर्त्याच्या हातात द्यायचा, आणि त्याने उरलेल्यांचीच दारं वाजवायची. आता हे फोनवर होतं, पण काम तेच. संध्याकाळी सात ते नऊ मी त्याच कामावर असते आणि तेव्हा चप्पल घालून, जेवण अर्धवट टाकून मत द्यायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत.

आत फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. ग्रेट ब्रिटनमधल्या सार्वत्रिक निवडणुकीत हा नियम 2024 मध्ये पहिल्यांदा लागू झाला. भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेलाही चालतो, फोटोवरून तुम्ही ओळखू आलात की झालं. मोबाइलवरचा फोटो चालत नाही, विद्यापीठाचं किंवा ऑफिसचं कार्ड चालत नाही. पासपोर्ट नूतनीकरणाला गेला असेल तर मतदार ओळखीचं सरकारी प्रमाणपत्र फुकट मिळतं, मात्र मतदानाच्या सहा कामकाजाच्या दिवसांआधी अर्ज करावा लागतो. आपल्याकडच्या बायकांनी इथे जास्त लक्ष द्यावं. पासपोर्टवर माहेरचं नाव आणि यादीत सासरचं असा घोळ मी केंद्राबाहेर दोनदा पाहिला आहे. नाव नोंदवताना पासपोर्टवर आहे तसंच लिहा, आणि तरी फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र सोबत न्या.

बोटाला शाई लावत नाहीत. यंत्र नाही, कागदी मतपत्रिका, दोरीला बांधलेली पेन्सिल, आणि उमेदवारासमोरच्या चौकोनात एक फुली. स्वतःचं पेन नेलं तरी चालतं. रात्री 10 वाजता रांगेत असाल तर मत देऊ देतात, हाकलत नाहीत.

जुलै-ऑगस्टमध्ये आपण भारतात जातो, ती अडचण 2024 ला अनेकांना आली. टपाली मत मागवू नका, मतपत्रिका भारतात येऊन परत वेळेत पोचणं फार कठीण. विश्वासातल्या, इथे मतदार असलेल्या माणसाला प्रॉक्सी नेमा. तो तुमच्या केंद्रावर जाऊन तुमच्या वतीने मत देतो, आणि ओळखपत्र त्याचं लागतं, तुमचं नाही. आणखी एक: तुमची टपाली मतपत्रिका भरलेली असेल तर ती कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याच्या हाती देऊ नका. दुसऱ्यांची टपाली मतं हाताळायला आम्हाला आता कायद्याने मनाई आहे.

मोजणी त्याच रात्री, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं मांडून, हाताने होते. आम्ही टेबलापलीकडे उभं राहून घड्या उलगडताना बघत असतो. शंकास्पद मतपत्रिका बाजूला काढतात आणि निवडणूक अधिकारी सगळ्या उमेदवारांच्या माणसांना एकेक दाखवून निर्णय देतात. फुली चौकोनाबाहेर गेली, बरोबरची खूण केली, तरी हेतू स्पष्ट असेल तर मत धरतात. पहाटे तीनला, सगळे झोपेला आलेले असताना, एका कागदावर पाच माणसं वाकून बघताहेत, हे मी दर वेळी पाहते. एका मताला काय किंमत आहे हे मला कोणी विचारलं की माझ्या डोळ्यांसमोर तो कागद येतो.

संसदेची पुढची निवडणूक ऑगस्ट 2029 पर्यंत कधीही होऊ शकते, आणि जाहीर झाली की सगळा खेळ सहा आठवड्यांत आटोपतो. त्यातही नोंदणी मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधी बंद होते. म्हणून थांबू नका. नोंदणी सरकारी संकेतस्थळावर होते, पाच मिनिटं लागतात, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक जवळ ठेवा. राष्ट्रीयत्व विचारतील तिथे भारतीय लिहा. छापलेल्या यादीत तुमच्या नावापुढे त्याची कुठलीही खूण नसते. घर बदललं की पुन्हा नोंदवावं लागतं, हे भाड्याने राहणारे हमखास विसरतात. आणि घरात एकाच्या नोंदणीत दुसरा येत नाही. बायकोची वेगळी करा, वयात आलेल्या मुलांची वेगळी.